एकतीस नंबरची पाडी

“हात लावून बघा की बाई,” नीलव्वा म्हणाली. “कुठं गरम लागतंय?”

मी पाडीच्या कानाच्या मुळाशी हात ठेवला. गरम लागत नव्हतं. थर्मामीटर लावला, त्यानंही तेच सांगितलं. समोरच्या गोठ्यातली पाडी सकाळपासून मान टाकून उभी होती. शेजारच्या दोघींनी वैरणीला तोंड लावलं नव्हतं आणि त्यातल्या एकीच्या मानेवर, सुई टोचली होती तिथं, लिंबाएवढी गाठ आली होती. नीलव्वाची कस्तुरी मात्र माझा पदर चघळायला बघत होती.

“सगळ्यांच्या पाड्या तापल्या. आमची बघा कशी कडक हाय,” नीलव्वा भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. पलीकडून उत्तर आलं, की पाडी मालकिणीवरच गेलीय, तिलाही कशाची बाधा होत नाही आणि कशाचा गुणही येत नाही. नीलव्वा हसली. शेजारीणही हसली. मी वहीत एकतीस नंबरापुढं ‘ताप नाही, गाठ नाही’ असं लिहिलं आणि त्यांच्याबरोबर हसले.

कस्तुरीला ताप येणारच नव्हता. तिच्या सुईत मिठाचं पाणी होतं.

हे १९७३ सालचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जनावरांच्या लसी बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागून मला तीन वर्षं झाली होती. आमच्या विभागात बाई मी एकटीच. गाव कृष्णाकाठचं होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण त्या गल्लीतली काही माणसं अजून असतील. गल्ली गवळ्यांची. पुढं घर, मागं गोठा, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक उंबरा.

आमचं काम होतं ब्रुसेलोसिसवरच्या लसीचं. गवळी त्या रोगाला काही नाव देत नसत. ‘गाय गाभडली’ म्हणत, आणि त्यात सगळं आलं. सहाव्या-सातव्या महिन्यात गाय गाभ टाकते, वार पडत नाही, दूध आटतं. पण रोग गाईपाशी थांबत नाही. पडलेल्या गाभात, वारेत, पाण्यात तो लाखोंनी असतो, आणि वेत करणाऱ्या माणसाच्या हाताला बारीकशी चीर असली तरी तिथून आत शिरतो. मग महिनोन्महिने संध्याकाळी ताप, सांधे धरणं, पाठ मोडून येणं. बाई गरोदर असली तर गाईसारखंच तिचंही होऊ शकतं.

आमचे साहेब, डॉक्टर ठोसर, यांना हा ताप स्वतःला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी काम करताना मोजा फाटला तेव्हा लागलेला. दिवस कलला की त्यांचे डोळे लाल व्हायचे, आणि खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी टेबल धरायचे. एकदा मी त्यांना घरी जायला सांगितलं तर म्हणाले, “मला झालं ते ठीक आहे, मी त्याचा पगार घेतो. त्या गवळ्यांनी काय केलंय?” त्यांच्याविषयी पुढं जे काही मी सांगेन, ते हे वाक्य ध्यानात ठेवून ऐकावं.

लस त्यांचीच होती. जंतू जिवंत, पण दुबळे केलेले. गिनीपिगांवर ती उत्तम चालली होती. आता खऱ्या गोठ्यांत पाहायचं होतं. तीन गावांतल्या चाळीस पाड्या निवडल्या, चार ते आठ महिन्यांच्या. लस त्याच वयात द्यायची असते, नंतर देऊन चालत नाही. चाळिसांपैकी विसांना लस आणि विसांना मीठपाणी. दोन्हींचा रंग सारखा, बाटल्या सारख्या. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या मी उचलल्या, आणि यादीही माझ्याच कपाटात राहिली. नीलव्वाच्या गल्लीत तेरा पाड्या होत्या. चिठ्ठ्यांचा खेळ असा, की त्यातल्या अकरांना लस निघाली आणि दोघींनाच मीठपाणी. त्या दोघींतली दुसरी वर्षाच्या आत सर्पदंशानं मेली. गल्लीत मीठपाण्याची उरली ती कस्तुरी.

गवळ्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, की गाभडू नये म्हणून सगळ्या पाड्यांना सुई द्यायची आहे. मी साहेबांना विचारलं होतं, निम्म्या पाड्यांना लस नाही हे त्यांना सांगायला नको का? ते म्हणाले, सांगितलं तर मीठपाण्याच्या पाड्या ते आठ दिवसांत बाजार दाखवतील, मग लस चालली की नुसता रोगच त्या वर्षी आला नाही, हे कळणार कसं? त्यात खोटं काही नव्हतं. मला ते पटलं होतं. अजूनही त्यातला तेवढा भाग मला खोडता येत नाही.

दर दोन महिन्यांनी मी रक्ताचे नमुने घ्यायला जायची. सोबत पाटोळे असायचे. ते तिथल्याच जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि जनावर धरण्यात पटाईत. गल्लीत मला ‘रगतवाली बाई’ म्हणत. लहान मुलं मला बघून पळत. नीलव्वाच्या दारात मात्र माझ्यासाठी घोंगडं टाकलेलं असायचं. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं मराठी बोलताना तिचा सूर शेवटी वर जायचा. दूध उकळून प्या असं मी पहिल्याच भेटीत सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून मला पेला देताना ती दरवेळी म्हणायची, “चार उकळ्या काढल्यात. आता जंतूच काय, दूध बी मेलं. प्या.”

तिची सासू तायव्वा ओसरीवर बसून हे बघत असायची. नीलव्वा तिला आत्ती म्हणायची. तायव्वा वाईट बाई नव्हती, पण तिच्या मनात एक गोष्ट बसली होती. सुनेचे दोन गर्भ गेले होते, आणि ज्या दोन वर्षांत ते गेले त्याच वर्षांत गोठ्यातल्या तीन गाई गाभडल्या होत्या. या घरात गाभ ठरत नाही, असं ती मला सुईच्या दिवशी म्हणाली होती, आणि म्हणताना सुनेकडं बघितलं होतं. मी तिला समजावलं होतं, की दोन्हींचं मूळ एकच आजार असू शकतो, माणसाचा दोष नाही. ती म्हणाली, “सुई दिलीसा न्हवं? बघू आता.”

एका बाबतीत मात्र सासूही सुनेपुढं नमायची. नीलव्वाच्या हाताला यश होतं. वडिलांकडून शिकली होती. आडवं आलेलं वासरू ती कोपरापर्यंत हात घालून फिरवायची. गल्लीत कुठल्याही गोठ्यात गाय अडली की माणूस तिच्या दारात. ती हातातलं काम टाकून निघायची, आणि येताना तिच्यामागून चिकाचं भांडं यायचं, पहिल्या मानाचं. तायव्वा ते भांडं स्वतः घ्यायची आणि शेजारणींना दाखवून आत न्यायची. या एका गोष्टीमुळं नीलव्वाला त्या घरात मान होता.

वेताला हात घालताना घालायला म्हणून मी तिला रबरी मोजे आणून दिले होते, कोपरापर्यंतचे. सुईच्या आधी ती ते थोडेफार वापरायची. वारही पुरायची. त्यांच्यात वार फडक्यात बांधून गावाबाहेरच्या वडाला टांगायची पद्धत होती, वडाला चीक असतो तसं गाईला दूध उतरावं म्हणून. ती पद्धत मी मोठ्या मिनतवारीनं सोडवली होती. पण सुई दिल्यावर सहा महिन्यांनी गेले तर वडाला पुन्हा गाठोडी लोंबत होती. मोजे कुठं आहेत म्हणून विचारलं, तर तिचा नवरा बसाप्पा ओशाळं हसला. मोज्यांची मनगटं कापून त्यानं दुधाच्या किटल्यांच्या झाकणांना घट्ट बसवली होती. “सुई दिल्याव आता कशाला लागत्यात?” तो म्हणाला.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि नवे मोजे पाठवले. तेही किटल्यांना गेले असतील.

पावणेदोन वर्षं अशी गेली. कस्तुरी संकरित होती, लवकर माजावर आली आणि पहिल्याच खेपेला गाभण राहिली. पंचाहत्तरच्या श्रावणात तिला सातवा महिना लागला. त्या आधीच्या फेरीतलं तिचं रक्त मी प्रयोगशाळेत काचेवर तपासलं, तर थेंबात दाणे उठले. म्हणजे रोग तिच्यात शिरला होता. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा दाणे.

मी साहेबांकडं गेले. त्यांनी काच उजेडाला धरून पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण दुसरं नावही मला सुचत नाही. म्हणाले, लसीच्या विसांपैकी एकाही पाडीत असे दाणे नाहीत, मीठपाण्याच्या गटात ही चौथी. “आता फक्त गाभ टिकतो की जातो, तेवढं पाहायचं. तोवर कुठं बोलू नका, कर्णिक.”

“त्या घरातली बाईच हात घालते वेताला,” मी म्हटलं.

“मोजे दिलेत ना आपण?”

मी हो म्हटलं. नीलव्वाला दिवस गेले होते, पाचवा महिना होता, आणि हे मला मागच्या फेरीपासून माहीत होतं. तेवढं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बोलायला परवानगी दिली असती अशी मला भीती वाटत होती, की नाकारली असती अशी, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. माझी वही फार सुरेख झाली होती. चाळीस ओळी, एकही खाडाखोड नाही. सापानं मारलेली पाडी सोडली तर एकही जनावर सुटलेलं नाही. साहेब म्हणाले होते, की निबंधावर पहिलं नाव माझं घालू. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला ते नाव छापलेलं दिसत होतं.

त्या श्रावणातल्या फेरीला मी नीलव्वाच्या दारात गेले तेव्हा ती गोठ्यात होती. कस्तुरीच्या पाठीवरून हात फिरवत होती. दोघींचीही पोटं दिसत होती, आणि ती त्यावरून स्वतःच चेष्टा करत होती, की कोण आधी मोकळी होतीय त्याची गल्लीत पैज लागलीय. पाटोळे पलीकडच्या गोठ्यात जनावरं धरायला गेले होते. मी रक्त घेतलं, बाटलीवर नंबर लिहिला, आणि मग म्हणाले, “नीलव्वा, या वेताला दुसऱ्या कुणाला तरी बोलव. तुला या दिवसांत वाकणं बरं नाही.”

ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला बोलवायचं? सगळी तिलाच बोलावतात. परवाच वरच्या गोठ्यात एक वेत केलं, काही झालं नाही.

“मग मोजे तरी घाल. मी आज नवीन आणलेत.”

तिनं हात थांबवला. माझ्याकडं नीट बघितलं. ती हुशार होती. जनावराच्या नुसत्या उभं राहण्यावरून तिला दुखणं कळायचं, तिथं माणसाचं काय.

“बाई,” ती म्हणाली, “मघाधरनं बघतीय. तुमी हिच्याकडं येगळंच बघताय. काय खोट हाय का हिच्यात?”

मी बाटलीचं बूच दाबून बसवलं.

“सुई लागू झालीया न्हवं हिला?”

तो प्रश्न सरळ होता. मला तीन-चार उत्तरं देता आली असती. यादीतलं काही न सांगता ‘रक्तात दोष दिसतोय, हात लावू नको’ एवढं म्हणता आलं असतं. त्यानं वही बिघडली असती का? थोडी बिघडली असती. बसाप्पानं गाय विकली असती आणि एकतीस नंबरापुढं रेघ ओढावी लागली असती.

“हो,” मी म्हटलं. “लागू झालीय.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी दूध तापवायला आत गेली.

बारा दिवसांनी पाटोळ्यांचं कार्ड आलं. एकतीस नंबर गाभडली, नमुने घ्यायला यावे. मी दुसऱ्या सकाळच्या एस्टीनं गेले. वाटेत वडाला नवं गाठोडं दिसलं, आणि घरी पोचायच्या आधीच मला कळलं की वारेला कुणी हात लावला.

वार पडत नव्हती. नीलव्वानं बसून, दोन तास खपून ती सोडवली होती. हात राखेनं घासून धुतले होते. मला ते दाखवताना म्हणाली, नखाशेजारी चिरा पडल्यात, बाकी काही नाही. कालवण करताना मसाला झोंबतो तेवढाच. मी बसाप्पाला बाजूला घेतलं आणि आत्ताच्या आत्ता हिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून सांगितलं. तो गोंधळला. गाय गाभडली आणि बाईला दवाखान्यात? मी स्वतः बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, कुठला जंतू, कुठली औषधं. अर्धी औषधं पोटातल्या मुलासाठी वर्ज्य होती. उरलेली त्यांनी सुरू केली.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. सहाव्या महिन्याच्या शेवटी तिचं मूल गेलं. मुलगा होता.

मी गेले ते त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. रक्त घ्यायची फेरी होतीच. गल्लीत त्या आठवड्यात तीन पाड्या व्याल्या होत्या, तिन्ही सुखरूप, तिन्ही लसीच्या. पाटोळे खुषीत होते. त्यांना यादी ठाऊक नव्हती, पण सुई लागू पडली एवढं दिसत होतं. चिकाची भांडी इकडून तिकडं चालली होती. नीलव्वाच्या दारात मात्र कुणी आणलं नव्हतं.

तायव्वा ओसरीवर होती. मला बघून तिनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, “बारा पाड्या हुत्या गल्लीत बाई. बाराच्या बारांना तुमी एकच सुई दिलीसा. अकरा तगल्या, आमचीच तेवढी गाभडली. मग सुईत खोट, का हिच्या हातात? तुमीच सांगा, तुमी शिकलेल्या.” मी म्हटलं, असं हातात काही नसतं, आत्ती. ती म्हणाली, आजवर ही ज्या गोठ्यात गेली तिथं हात दिला आणि आपल्या घरचं तेवढं घालवलं, तीनदा.

नीलव्वा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, हातांना मेंदीसारखा काही पाला लावला होता. मी शेजारी बसले. ताप कधी येतो, गोळ्या घेतेस का, असं विचारत राहिले. ती ‘हूं’ म्हणत होती. मग तिनं दाराकडं बघून आवाज खाली घेतला.

“बाई, एक सांगायचं हुतं. कुणाला बोलले न्हाई. ह्यास्नी बी न्हाई.”

“सांग.”

“सुई दिल्याव तुमी म्हणाला हुता, आठ दीस पाडी धुवायची न्हाई.”

आम्ही ते सगळ्यांना सांगितलं होतं. गाठ येते ती रगडली जाऊ नये, एवढ्यासाठीच.

“मी तिसऱ्या दिवशी धुतली तिला,” नीलव्वा म्हणाली. “ताप न्हाई, गाठ न्हाई, मग काय हुतंय म्हटलं. सण हुता. सगळ्यांत देखणी दिसावी म्हणून हिरीवर नेऊन घासून धुतली. तिथंच सुई धुऊन गेली. व्हय न्हवं?”

ती माझ्याकडं बघत होती. तिनं हे दोन वर्षं नाही, तर गेला दीड महिना मनात ठेवलं होतं, आणि सांगायला माणूस शोधला तो मला. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. पण ‘नाही’ म्हटलं की ‘मग का?’ आलं असतं. मग माझ्या कपाटातली यादी आली असती, श्रावणातलं ‘लागू झालीय’ आलं असतं. बाहेर पाटोळे बाटल्या लावत होते. अजून सतरा पाड्या व्यायच्या होत्या.

“होतं असं कधी कधी,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. जणू तिला हे आधीच माहीत होतं, फक्त जाणत्या माणसाकडून ऐकायचं होतं. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आत्तीला सांगू नका.”

मी नाही सांगितलं.

निबंध सत्त्याहत्तर साली छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं साहेबांचं. एका तक्त्यात गाभडलेल्यांचे आकडे होते. लसीच्या विसांत शून्य, मीठपाण्याच्या एकोणिसांत पाच. त्या पाचांतली एक कस्तुरी. माणसांविषयी तक्त्यात रकाना नव्हता. लस आमच्या भागात काही वर्षं वापरली, हजारो पाड्यांना दिली असेल, मग तिच्याहून चांगली दुसरी आली. ठोसरसाहेब निवृत्त व्हायच्या आत वारले. शेवटी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, त्या गल्लीत आता कुणाला ताप येतो का? मी सांगितलं, नाही येत. ते खरं होतं. ते समाधानानं हसले. नीलव्वाचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

पुढं माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, मी विभागप्रमुख झाले. नव्या मुलांना मी शिकवत असे, की प्रयोगात जनावराचा मालक हाही प्रयोगात असतो, त्याला सगळं सांगायचं. ती लिहून घेत. कुणी विचारलं नाही, की हे तुम्हाला कुठून कळलं.

सत्त्याऐंशी साली त्याच भागात एका शिबिराला गेले होते. दुपारी दोन तास मोकळे होते. गाडीवाल्याला म्हटलं, नदीकडं घे.

गल्ली तीच होती. गोठे पक्के झाले होते. नीलव्वाच्या घराच्या पुढच्या बाजूला दूध-दह्याचं लहानसं दुकान काढलेलं होतं, आणि फळीमागं ती बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला लगेच ओळखलं. फळी उचलून आत घेतलं, घोंगडं टाकलं, दूध तापवायला ठेवलं. बसाप्पानं दुसरं लग्न केलं होतं, तिच्याच चुलत बहिणीशी. त्यांची तीन मुलं होती. ती मुलं तिलाही आईच म्हणत. बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी विचारलं, अजून वेतांना बोलावतात का?

“न्हाई,” ती म्हणाली. “त्या सालापास्नं गोठ्यात पाय न्हाई माझा. आत्तीनं उंबऱ्यावर हात आडवा धरला, तो धरला. मग गल्लीतली बी बोलवायची थांबली. हितं दुकानात बसते.” मागच्या दारातून गोठ्यातल्या गाईंची हालचाल ऐकू येत होती. ती त्या दाराकडं पाठ करून बसली होती.

मग मी सांगितलं. बारा वर्षांत मनात शंभरदा जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि कसंबसं सांगितलं. दोन प्रकारच्या बाटल्या होत्या. चिठ्ठ्या मी उचलल्या. कस्तुरीला लस दिलीच नव्हती, नुसतं मीठपाणी होतं. म्हणून ताप आला नाही. धुण्यानं काही झालं नाही, तुझ्या हातानं काही झालं नाही.

दूध उतू जायला आलं. तिनं पातेलं उतरवलं, फडकं घडी करून ठेवलं.

“श्रावणात मी इचारलं, तवा ठाऊक हुतं तुमाला?”

“हो.”

“आणि मी धुतल्याचं सांगितलं, तवा?”

“तेव्हाही.”

ती रागावेल, रडेल, निदान तोंड फिरवेल असं मला वाटत होतं, आणि खरं म्हणजे तेच मला हवं होतं. तिनं तसं काही केलं नाही. तिचे ओठ हलले, काहीतरी मोजत असल्यासारखे. मग म्हणाली, “आत्ती गेली. दोन वर्सं झाली.”

तिनं फडक्याची घडी पुन्हा सारखी केली.

“शेवटी आठ महिने अंथरुणात हुती. सगळं मीच केलं. पर पाणी मागायची ते धाकटीकडं. माझ्या हातचं न्हाई घेतलं, बाई. मरुस्तवर न्हाई घेतलं.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “तवा का आला न्हाईसा? तिच्यापुढं बसून ह्ये एवढंच बोलला असता. आता ह्ये घेऊन मी कुणाकडं जाऊ?”

फळीवर कुणीतरी भांडं वाजवलं. ती उठली. माप धुतलं, दूध ओतलं, दही हवं का विचारलं, विरजण घट्ट लागलंय म्हणून सांगितलं. मी घोंगड्यावरून उठून उभी राहिले. ते गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. तिनं मला ‘बसा’ म्हटलं नाही आणि ‘जावा’ही म्हटलं नाही.